पाणबुड्या दौंडला उतरतो

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी दोन डोंगरांवर बंदी घातली होती. दोन डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, झोपडीपुढून वाहणारी नदी आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी, हे चित्र आपल्याकडे पोर जन्माला येतानाच शिकून येतं. सरांच्या वर्गात ते कुणी काढलं, की सर वही उचलायचे आणि त्या पोराला खिडकीशी न्यायचे.

"कुठं हायेत डोंगर?"

"न्हाईत सर."

"मंग कुनाचं काढलं? आपल्याकडं सूर्य कुठनं उगवतो?"

पोर बाहेर बघायचं. बाहेर क्षितिजापर्यंत ऊस. "उसातनं."

"मंग उसातनं काढ. दुसऱ्याच्या डोंगरातनं कशाला काढतो?"

शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढे, भीमेच्या अंगाला एक वाडी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची नातवंडं अजून तिथे नांदतात आणि मला अजून त्या रस्त्याने जावं लागतं. तिथल्या हायस्कूलमध्ये मी नव्वदच्या दशकात विज्ञान शिकवायला लागले. नवरा रेल्वेत, म्हणून बिऱ्हाड दौंडला. रोज एसटीने जायचं आणि एसटीने यायचं. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी सगळ्यांची ओळख करून दिली आणि कोपऱ्यातल्या माणसाकडे बोट करून ते म्हणाले, "हे आपले ड्रॉइंगचे सर. यांच्या नादी लागू नका."

मी लागले. मला कुणी काही करू नका म्हटलं की तेच करायची खोड आहे.

सर किडकिडीत, उंच, सदरा कायम एका बाजूने खोचलेला. बोलणं अगदी गावचं. पुण्याला राहून चित्रकलेची पदविका घेतलेली, पण "आहे" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. वडील मेंढरामागे हिंडले, आजोबा मेंढरामागे हिंडले, आणि हे घराण्यातले पहिलेच खुर्चीवर बसलेले. खुर्चीवरही ते नीट बसत नसत, एक पाय वर घेऊन बसत. हेडमास्तरांनी त्यावरून दोनदा बोलून पाहिलं. दोन्ही वेळा सरांनी दुसराही पाय वर घेतला.

दर रविवारी ते दौंडला यायचे, स्टेशनाजवळच्या रद्दीच्या दुकानात. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पूर्वी बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. ती एकेक करून निघून गेली, कुणी पुण्याला, कुणी परदेशी, आणि जाताना माळ्यावरचं सगळं रद्दीत घालून गेली. त्यात पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीच्या इंग्रजी चित्रकथा असायच्या. कव्हर फाटलेलं, कागद पिवळा, रंग छापताना सरकलेले. सर तासन् तास उकिडवे बसून त्या निवडत. घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात त्या ठेवलेल्या असत.

गंमत अशी, की त्यातल्या बहुतेकांचं शेवटचं पान नसायचं. रद्दीत पहिलं आणि शेवटचं पान आधी जातं. मग सर ड्रॉइंगचा कागद कापून, सुईदोऱ्याने शिवून, शेवटचं पान स्वतः काढायचे. त्या शेवटच्या पानावर कुठल्या तरी समुद्रातला दर्यावर्दी आमच्या वाडीतल्या पारावर दाढी करून घेत बसलेला असायचा. किंवा उडणारा माणूस थकून एसटीच्या टपावर बसायचा आणि कंडक्टर त्याला तिकीट विचारायचा. हे सगळं गंभीरपणे, शाईच्या रेघांनी, मूळ चित्रकाराचा हात ओळखून काढलेलं. जोड कुठे आहे ते कागदाच्या रंगावरूनच कळायचं.

सरांना इंग्रजी जेमतेम यायचं. फुग्यातला मजकूर ते वाचतच नसत. एकदा एका पाणबुड्याची गोष्ट त्यांनी मला दाखवली. जुन्या काळचा पाणबुड्या, डोक्यावर पितळेचा गोल टोप, त्यातून वर गेलेली लांब नळी. एका चौकटीत तो समुद्राच्या तळाशी गुडघ्यावर बसला होता. "त्याचा दोस्त मेलाय," सर म्हणाले. "तोंड दिसत न्हाई, पर पाठ बघा. पाठीवनं कळतंय." मी शहाणीने फुगा वाचला आणि सांगितलं, की तो म्हणतोय, माझी मोहरांची पिशवी कुठे पडली.

सरांनी पुस्तक मिटलं. "बाई, तुमी मानूस मारला माझा." आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी येऊन म्हणाले, "आता दोगं मिळून बघू. वाचायचं न्हाई. बघायचं." त्यांच्या दृष्टीने ही एवढी साधी गोष्ट होती आणि ती साऱ्या जगाला अवघड जात होती.

त्यांच्याकडे पदविकेच्या वेळचं कलेच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक होतं. त्यात शेवटी अतिवास्तववादावर काही पानं होती. खोलीत समुद्र शिरलाय, माणसाला झाडाची मुळं फुटलीत, असली चित्रं. सर म्हणायचे, "पुस्तकात ह्याला अतिवास्तववाद म्हनत्यात. आमची आज्जी ह्याला 'सपान पडलं' म्हनायची." वर्गात कुणी विचारलं, सर, हे असं कसं होईल, की उत्तर ठरलेलं असायचं. "सपनात म्हस झाडावर चढती, तवा तू तिला इचारतो का, कशी चढलीस म्हनून? खाली उतर म्हनतो. म्हंजी चढली हे तुला पटलेलं असतंय."

एकदा तपासणीला साहेब आले. मुलांच्या हातात चित्रकथा बघून त्यांचा पारा चढला. शाळेत कॉमिक? सरांनी शांतपणे टेबलावर दोन चित्रं मांडली. एक जाड पुस्तकातलं, एक रद्दीतलं, आणि दोन्हीखालची नावं पट्टीने झाकली. "साहेब, ह्यातलं एक मोठ्या संग्रहालयात हाय आन् दुसरं भेळ बांधायच्या कागदातनं आलंय. वळखा." साहेबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि भेळीच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "हे संग्रहालयातलं. अभिजात आहे." पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय साहेब. मलाबी तसंच वाटतंय." शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते विचारू नका. हेडमास्तर महिनाभर धुसफुसत होते.

आता भिंतीचं सांगते. सरांचं सगळं काही त्या भिंतीवर येऊन ठेपलं.

शाळेला पन्नास वर्षं व्हायची होती. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका आप्पा म्हणायचा, बागायतदार माणूस, पांढरेशुभ्र कपडे, आवाज न चढवता माणूस गप्प बसवायची हातोटी. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की रस्त्याकडच्या भिंतीवर आपल्या भागाचा इतिहास रंगवा. सरांनी एकच विचारलं, "मला जसा दिसतो तसा?" आप्पा चांगल्या मूडमध्ये होते. "तुमी कलाकार," म्हणाले.

काम सुरू व्हायच्या आधी एकदा मी वह्या तपासत असताना सर समोर येऊन बसले. "बाई, तुमी सायन्सच्या. तेलावर चुना धरतो का हो?"

"नाही धरणार. सुटून येईल," मी मान वर न करता म्हटलं.

"बरं," म्हणाले आणि गेले.

दोन महिने ते शिडीवर होते. भिंतीवर आठ मोठ्या चौकटी आखल्या. सात चौकटींना ऑइलपेंटचा हात देऊन वर ऑइलपेंटनेच रंगवलं. आठवी तशीच ठेवली, कोरी, नुसती गिलाव्याची. चौकटींच्या मधल्या पट्ट्याही कोऱ्या. पहिल्या चौकटीत पितळी टोपाचा पाणबुड्या दौंड जंक्शनला मालगाडीतून उतरतो. दुसरीत स्टॉलवाला त्याच्या नळीतून चहा ओततोय. तिसरीत तो एसटीत बसलाय आणि शेजारची बाई नळी बाजूला सारून आपली पाटी ठेवतेय. चौथीत ऊस शाळेचं छप्पर फोडून वर आलाय आणि पोरं कांड्यांवर बसून पाढे म्हणतायत. पाचवीत मेंढरांचा कळप भीमेत उतरतोय. सहावीत शाळेच्या घंटेत मासे. सातवीत नदीच्या तळातून पाणबुड्या चाललाय, त्याच्या मागे मेंढरं, रांगेने, निवांत.

"मेंढरं पाण्याखालनं का?" मी विचारलं.

"वरची वाट कुठं ऱ्हायलीय बाई? माझा बाप ज्या वाटंनं चालायचा ती समदी उसाखाली गेली. मंग आता खालनंच चालायचं."

आप्पा बघायला आले. सात चौकटी त्यांनी हातातली काठी टेकत टेकत पाहिल्या. उसाच्या चौकटीपाशी जरा जास्त थांबले, कारण तो ऊस कुणाचा ते सगळ्यांना कळत होतं. मग कोऱ्या चौकटीपाशी येऊन म्हणाले, "झालं ते झालं. हितं माझं चित्र काढा. फेट्यात."

"तिथं काय न्हाई काढायचं आप्पा," सर म्हणाले. "ते शेवटचं पान हाय. ते बघनाऱ्यानं मनात काढायचं."

"मास्तर, मी इनंती न्हाई करत."

"मीबी न्हाई करत."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. सरांना मेमो आला. चित्र शाळेच्या प्रतिष्ठेला बाधक आहे, असं एक पत्र तयार झालं आणि शिक्षकांच्या सह्यांसाठी फिरलं. मी त्यावर सही केली. हे लपवून काय उपयोग? नोकरी कायम व्हायला माझं अजून वर्ष होतं. ते पत्र समोर आलं तेव्हा मी पेन उघडलं, दुसऱ्या क्रमांकावर सही केली आणि टोपण लावलं. सर समोरच एक पाय वर घेऊन बसले होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "अक्षर चांगलं हाय बाई तुमचं." ते वाक्य आठवून मला आजही लाज वाटते.

मग बैठक झाली. आप्पांनी हुकूम दिला, "भिंतीला चुना मारा. सोमवारी. कुनाला काय बोलायचंय?" सरांनी टेबलापलीकडून माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेलावर चुना! आप्पा ऑइलपेंटवर चुना मारायला सांगत होते आणि त्या खोलीत ते धरणार नाही हे माहीत असलेली दोनच माणसं होती. मी विज्ञानाची शिक्षिका. सांगणं माझं कर्तव्य होतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. आयुष्यात मी भित्रेपणाने खूपदा गप्प बसले आहे. त्या दिवशीच्या गप्प बसण्याचा मात्र मला अभिमान आहे.

पण सोमवारी निराळंच घडलं. रंगारी चुन्याची बादली घेऊन आला तर भिंतीपाशी ही गर्दी. धनगरवस्तीवरची मंडळी पहाटेपासूनच येऊन उभी होती. सातव्या चौकटीतल्या पाणबुड्यावर मूठमूठ भंडारा उधळलेला, पुढे नारळ फोडलेला, उदबत्त्या लावलेल्या. पितळेचं गोल तोंड, म्हणजे देवाचा मुखवटा. डोक्यावर नळी, म्हणजे नाग. मागे मेंढरं. अजून काय पाहिजे? मास्तरने बिरोबा काढलाय, ही बातमी एका रात्रीत वस्तीभर झाली होती.

रंगाऱ्याने बादली खाली ठेवली आणि नुकत्याच गाडीतून उतरलेल्या आप्पांना तो म्हणाला, "आप्पा, द्येवावर चुना? मला पोरंबाळं हायेत."

आप्पांनी भंडारा पाहिला, वस्तीवरची माणसं पाहिली, आणि त्या वस्तीत मतं किती हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गाडीत बसले.

आम्ही सगळे सरांभोवती जमलो. सह्या केलेलेही. "सर, सुटलात! देवच धावून आला!" सरांचा चेहरा मी इतका रागावलेला कधी पाहिला नव्हता.

"सुटलो? चित्र म्हनून ठिवायला एक मानूस तयार न्हाई. देव म्हनल्यावर समदे तयार. देवाला कोन बघतंय का बाई? पाया पडत्यात आन् जात्यात. मला पाया न्हाई पडून घ्यायचं. मला बघून घ्यायचंय."

"सर, राहू द्या ना. आयतं वाचलंय."

"खोटं बोलून वाचलेलं मला नको."

त्यांनी चपला काढल्या, बादलीभर पाणी आणलं आणि ओल्या फडक्याने भंडारा पुसायला लागले. गर्दीत कुजबुज झाली, मग आवाज वाढला. सरांचेच भावकीतले लोक ते. एकाने बाही सावरली. तेवढ्यात वस्तीवरची सगळ्यात म्हातारी आजी काठी टेकत पुढे आली.

"काय करतो रं? आपल्या द्येवाला पुसतो?"

सरांनी फडकं खाली ठेवलं आणि तिला हात जोडले. "आज्जे, ह्यो देव न्हाई. मी काढलाय. ह्यो पाणबुड्या हाय, दौंडच्या रद्दीत गावला मला. आपला देव त्याच्या जागी हाय."

"मंग तोंड पितळंचं कशापाई?"

"टोप हाय त्यो. पान्याखाली श्वास घ्यायला."

"आन् मेंढरं?"

"मेंढरं आपलीच हायेत."

म्हातारी चित्राच्या अगदी जवळ गेली. कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिली. मग ती वळली आणि चांगली चिडून म्हणाली, "त्यानं एकट्यानं टोप घातला व्हय? मंग माझी मेंढरं श्वास कशी घ्यायची?"

सर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी शेजारी उभी राहून पाहिलं. "चुकलो आज्जे," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

भंडारा पुसला गेल्याची बातमी तासाभरात आप्पांपर्यंत पोचली. देव नाही म्हणून खुद्द चित्रकारानेच सांगितलं, आता अडचण कसली? उद्या सकाळी चुना, असा निरोप आला. आणि सर? सरांनी ऑइलपेंटचा डबा उघडला आणि दुसऱ्या दिवशी पुसलं जाणारं ते चित्र पुरं करायला बसले. दुपारभर उन्हात बसून त्यांनी एकूण एक मेंढराला पितळेचा टोप घातला. छोट्या कोकरांना छोटे. शिंगवाल्या मेंढ्याच्या टोपाला शिंगांसाठी भोकं. म्हातारी सावलीला बसून एकेक मोजून घेत होती. "त्यो मागला ऱ्हायला," असं तिने दोनदा दाखवून दिलं.

सकाळी चुना बसला. भिंत पांढरीफटक झाली. सरांची बदली संस्थेच्या वरवंडकडच्या शाखेत झाली. जाताना त्यांनी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीतून मला म्हणाले, "बाई, सायन्सवर इस्वास ठिवा."

दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आलो तर भिंतीचे पोपडे निघाले होते. आधी एक टोप बाहेर आला, मग दुसरा. नाताळपर्यंत अख्खा कळप बाहेर. मग घंटेतले मासे, एसटीतली बाई, छप्पर फोडून ऊस. आप्पांनी पुन्हा चुना मारवला. पुन्हा पोपडे. रंगाऱ्याने दबक्या आवाजात सुचवलं, की आधी खरवडून वर ऑइलपेंट मारला तर बसंल. आप्पा कडाडले, "त्या मास्तरसाठी भिंत खरवडायची? मी चुना म्हनलं ना? चुनाच." एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घेतला तर ते आप्पा कसले. मग ते दर वर्षीचंच झालं. पंधरा ऑगस्टच्या आधी चुना आणि दिवाळीनंतर पाणबुड्या. वस्तीवरची म्हातारी होती तोवर पोपडे निघायला लागले की येऊन टोप मोजून जायची.

सात-आठ वर्षांनी एका रविवारी सर दौंडला रद्दीत भेटले. केस पिकलेले, सदरा तसाच एका बाजूने खोचलेला. मी म्हटलं, चला, भिंत बघून येऊ. डिसेंबरचे दिवस होते. एसटीतून उतरलो आणि भिंतीपुढे उभे राहिलो. साती चौकटी उघड्या, रंग थोडे उडालेले, पण सगळे जिथल्या तिथे. आणि आठवी, ती कोरी ठेवलेली, तिच्यावर तेल नव्हतंच. तिथे प्रत्येक वर्षीचा चुना नीट धरला होता. थरावर थर, जाडजूड, शुभ्र. सगळ्या भिंतीत चुना टिकला होता तो तिथे आणि मधल्या पट्ट्यांत.

"सर," मी विचारलं, "हे तुम्ही आधीच धरून चालला होतात?"

एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठ्याने माप घेत त्यांनी ती पांढरी चौकट बराच वेळ पाहिली. वर्गात मुलांचं चित्र तपासताना बघायचे तशी.

"आप्पांना हितं यायचं होतं ना बाई?" ते म्हणाले. "आले की. दर वर्षी सोताच्या हुकमानं, सोताच्या चुन्यानं काढून घेतलंय. आन् हुबेहूब जमलंय."